मागलं येऊ दे

गणपती गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मुरबाडची मोटर शहापूरच्या स्टँडवर आली, आणि बदली ड्रायव्हर नेहमीसारखा चहाच्या टपरीकडे न वळता सरळ माझ्या बुकिंगच्या खिडकीशी आला. काळू नदीच्या फरशीपुलावरचं पाणी नुकतंच उतरलं होतं, रस्ता सुरू होऊन चारच दिवस झाले होते. मला वाटलं, गाडीचं काही मोडलं असेल. त्याने खिडकीच्या गजाला धरून सांगितलं, "भिवाभाऊ गेले. आज पहाटं." मी तिकिटांचा गठ्ठा हातात धरून बसून राहिलो. खिडकीपुढे उभ्या असलेल्या दोघातिघांनी ते ऐकलं, आणि त्यातल्या एकाने लगेच विचारलं, "मोटरीवर का?" ते तापाने पडले आहेत हे बदली ड्रायव्हरकडून आधीच कळलं होतं, म्हणून मी म्हणालो, नाही, खाटेवर, तापाने. त्याची जरा निराशा झाल्यासारखी वाटली. पंधरा-सोळा वर्षं जंगलच्या रस्त्याने मोटर हाकणारा माणूस तापाने मरतो, हे लोकांना पटत नाही. मलाही ते पटायला वेळ लागला, पण माझं कारण वेगळं होतं. मला भिवाभाऊंशी एक गोष्ट बोलायची होती, सहा वर्षं बोलायची होती, आणि माणूस रोज खिडकीपुढून जातो म्हणून मी ती आज-उद्यावर ढकलत आलो होतो.

आमची ओळख मोटरीवरचीच. मुरबाडला रेल्वे नाही. तिथल्या माणसाला गाडी धरायची तर सरळगाव, किन्हवली, शहापूर करत आसनगावच्या स्टेशनापर्यंत यावं लागतं, आणि त्या रस्त्यावर आमच्या मालकांची सर्व्हिस मोटर पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा भिवाभाऊ तिचे ड्रायव्हर होते. वर्षभराने मी कंडक्टर म्हणून लागलो. मी चौथी पास, हिशेबाला बरा, आणि तोंडाने जरा तिखट. भिवाभाऊ माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, सरळगावजवळचे शेतकरी, उंच, किडकिडीत, डोक्याला कायम पांढरा रुमाल. लहानपणी त्यांनी सिद्धगडाच्या पायथ्याला म्हशी राखल्या होत्या आणि मोटरही ते म्हशीसारखीच राखत. चढावर तिला "चल गो, चल" म्हणत. गाडी म्हणजे लाकडी सांगाडा, बाजूंना किंतानाचे पडदे, रबरी फुग्याचा भोंगा, आणि हँडल मारून मारून खांदे निखळायची वेळ आली की मग सुरू होणारं इंजिन. माणसं वीस बसायची, म्हणजे कागदावर वीस. कोंबड्या, हिरड्याची पोती आणि नव्या नवऱ्या यांची गणती वेगळी.

पहाटेची फेरी अंधार-उजेडाच्या वेळी निघे, आणि तीच जनावरांची रस्ता ओलांडायची वेळ. आज लोक मला विचारतात, तेव्हा खरंच एवढं सावज होतं का? होतं. आठवड्यातून दोनदा तरी काही ना काही आडवं यायचंच. भिवाभाऊंना प्रत्येकाचा स्वभाव ठाऊक होता. डुक्कर नाकासमोर जातं, त्याला जाऊ द्यावं. भेकर अर्ध्यातून माघारी फिरतं, त्याचा भरवसा धरू नये. सांबर दिव्याकडे बघत उभं राहतं, तेव्हा दिवा विझवावा म्हणजे त्याला त्याचा रस्ता दिसतो. आणि पाटलाच्या म्हशी ना भोंग्याला ऐकत ना पाटलाला. पण या सगळ्यांच्या वर त्यांचा एक नियम होता. पहिलं जनावर रस्ता ओलांडून गेलं की आम्हा सगळ्यांना वाटे, सुटलो. भिवाभाऊ नेमके तेव्हा गाडी थांबवत. दिवे बंद करत, दोन्ही हात चाकावर ठेवून बसत आणि म्हणत, "मागलं येऊ दे."

जनावर एकटं हिंडत नाही, हे त्यांना राखणीच्या दिवसांपासून माहीत होतं. ओढा ओलांडताना पुढची म्हैस मोजून उपयोग नाही, मागची मोजायची, असं त्यांचा बाप सांगे. चारातल्या तीन वेळा खरंच मागून दुसरं येई, कधी पाडस, कधी अख्खा कळप. चौथ्या वेळी काहीच येत नसे आणि आम्ही सगळे त्या गारठ्यात रिकाम्या रस्त्याकडे बघत बसलेले असू. मुरबाडचे एक वकील नेहमी पुढच्या बाकावर बसत. ते एकदा वैतागून म्हणाले, "अहो ड्रायव्हर, वरात आहे का हरणांची? कोर्ट उघडेल तिकडे." भिवाभाऊ शांतपणे म्हणाले, "वरातच हाय, सायेब. नवरा मागं ऱ्हातो कदी कदी." वकीलही हसले. मी मात्र हसत नसे. वेळेचा कागद माझ्याकडे होता, आणि आगगाडी चुकली की मालकांची बोलणी पहिल्यांदा कंडक्टरला बसत.

ही खोड त्यांना मोटरीवरून उतरल्यावरही सोडत नसे. मी त्यांच्या घरी पुष्कळदा जेवलो आहे. कोणी आत आलं की भिवाभाऊ दार लावत नसत. उंबऱ्यात उभे राहून बाहेर बघत, मागे कोणी आहे का. सखूवहिनी, म्हणजे त्यांची बायको, चुलीपुढून म्हणत, "आवो, माणूस आलाय, सांबार नाय. लावा दार, कुत्री शिरतात." ते हसून आणखी घटकाभर उभे राहत. वहिनी तोंडाने फटकळ, माझ्याच जातकुळीच्या, त्यामुळे आमचं चांगलं जमे. आम्ही दोघं मिळून त्यांची टर उडवायचो.

वाघबारशीचं सांगायला हवं. आमच्याकडे दिवाळीच्या तोंडाशी, वाघबारशीला, गावाच्या शिवेवरच्या वाघोबाच्या दगडाला नारळ देतात. गुरं रानात जातात, माणसं रानात जातात, तेव्हा रानाच्या धन्याची आठवण ठेवायची. हा दगड काळूच्या अलीकडे, सरळगावच्या अंगाला, मोटरीच्या रस्त्यालाच आहे. मोटर सुरू झाली त्या वर्षी गावाने ठरवलं की जो रोज या रस्त्याने रानातून जातो त्याने पहिला नारळ फोडावा. तेव्हापासून तो मान भिवाभाऊंचा. त्या दिवशी मोटर दगडाशी थांबे, भिवाभाऊ धुतलेला सदरा घालून उतरत, एका फटक्यात नारळ फोडत आणि पहिला तुकडा गाडीच्या बॉनेटवर ठेवत. मालकांनी पगार वाढवला तेव्हाही त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नाही.

मग लढाई आली. पेट्रोल मिळेना. गाडीच्या पाठीशी कोळशाची भट्टी बसली, तिच्या धुरावर मोटर रडतखडत चाले. दिव्यांना अर्ध्यापर्यंत काळं फासायचा हुकूम निघाला. गाड्या कमी झाल्या, माणसं तेवढीच राहिली, तेव्हा माणसं टपावर, मडगार्डवर बसू लागली. डाव्या मडगार्डवर दोघं बसले की ड्रायव्हरला डाव्या अंगाचं काही दिसत नसे. मी मागच्या पायरीवर उभा असे, डाव्या बाजूला. तिथून मला सगळं दिसे. म्हणून त्या दिवसांत जनावर आडवं गेलं की भिवाभाऊ थांबत आणि मला ओरडून विचारत, "दत्तू, मागं काय हाय का रे?" मी बघायचं, रस्ता मोकळा असला तर दोरी ओढून दोनदा घंटी द्यायची, की ते गाडी हलवत. माझे डोळे आणि त्यांचे हात, असा तो कारभार होता.

त्याच सुमारास शहापूरच्या बुकिंग क्लार्कची जागा रिकामी व्हायची होती. मालक मला म्हणाले, "महिनाभर पहाटेची मोटर आसनगावला वेळेवर पोचव, मग ती खुर्ची तुझी." खुर्ची म्हणजे डोक्यावर पत्रा, पुढे खिडकी, पायरीवर लोंबकळणं बंद. माझं लग्न नुकतंच झालं होतं. मी दिवस मोजत होतो. चैत्र संपत आला होता आणि महिन्यातले दोन दिवस उरले होते.

त्या पहाटे लग्नसराईची गर्दी होती. सरळगावलाच आम्हाला उशीर झालेला. रानातले ओहोळ आटले होते, तेव्हा जनावरं पाण्याला काळूवर येत आणि उजाडता उजाडता रानात परतत. नदी ओलांडून आम्ही चढाला लागलो तोच डाव्या अंगाने एक सांबरी आली, रस्ता ओलांडून गेली. भिवाभाऊंनी गाडी थांबवली. दिवे बंद केले. आणि विचारलं, "दत्तू, मागं काय हाय का रे?"

मी बघितलं नाही. माझ्या हातात घड्याळ होतं, मी घड्याळ बघत होतो. घड्याळातून मान वर न करता मी दोरी दोनदा ओढली... मी हे सहा वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं.

गाडी हलली, दहा-पंधरा हात गेली असेल, आणि डावीकडून दुसरी आली. आवाज फार मोठा झाला नाही. मडगार्डवरचे दोघं उड्या मारून वाचले. रेडिएटर फुटून गरम पाणी रस्त्यावर वाहू लागलं, आणि त्या पाण्यात ती पडली होती. पुढचे दोन्ही पाय गेलेले. ती ओरडली नाही, नुसती मान वर करून रानाकडे बघत होती. पहिली सांबरी गेलेल्या बाजूला. भिवाभाऊ तिच्या मानेशी बसले, डोक्यावरचा रुमाल सोडून त्यांनी तिचे डोळे झाकले आणि ती जाईपर्यंत तिथून उठले नाहीत. तोवर माणसं उतरली होती. वऱ्हाडातल्या कोणाकडे तरी कोयता होता आणि वाटे कसे घालायचे याची बोलणी दबल्या आवाजात सुरू झाली होती. मोटरीखाली आलेल्या जनावराचं मटण सगळ्यांचं, असा तेव्हा रिवाजच होता, जंगलखात्याचा माणूस येण्याआधी उरकलं म्हणजे झालं. एक म्हातारा पुढे झाला, त्याने तिच्या पोटावरून हात फिरवला आणि तसाच मागे सरला. "गाभण हाय," तो म्हणाला. मग कोणी वाट्यांचं नाव काढलं नाही. माणसं एकेक करून बाजूला जाऊन उभी राहिली.

दुपारी जमादार आणि जंगलचा राखा आले, पंचनामा झाला. जमादाराने विचारलं, "गाडी उभी होती म्हणतोस, मग हलवलीस कशी?" मी चार पावलांवर होतो. भिवाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. आणि म्हणाले, "मला वाटलं, रस्ता मोकळा हाय." जमादाराने ते लिहून घेतलं. तोंड उघडायला मला पुष्कळ वेळ होता, त्याची लेखणीही सावकाश चालत होती. मी उघडलं नाही. भिवाभाऊंचा बिल्ला, म्हणजे मोटर हाकायचा परवाना, सहा महिने जमा झाला. उशिराचा दोष ड्रायव्हरवर गेला, कंडक्टरचा महिना मालकांनी वेळेवरचा धरला, आणि ज्येष्ठात मी या खुर्चीवर बसलो. हा मजकूर मी याच खुर्चीवरून लिहितो आहे.

ते सहा महिने भिवाभाऊंनी शेतावर काढले. सखूवहिनी भाताच्या गिरणीत पाखडणीला जाऊ लागल्या. मी एकदा धीर करून त्यांच्याकडे गेलो. वहिनी मला ऐकू जाईल अशा बेताने नवऱ्याला बोलत होत्या, "दुनियेला शिकवायचं, मागलं येऊ दे, मागलं येऊ दे. आन् आपल्याला दोन पळं थांबवलं नाय." ते मान खाली घालून सुंभ वळत होते. मी निघालो तेव्हा ते वाटेपर्यंत आले. मी म्हटलं, "भिवाभाऊ, घंटी मी दिली होती." बघितलं नव्हतं, हे मात्र तेव्हाही सांगितलं नाही. ते म्हणाले, "म्हायत हाय." मी विचारलं, मग सांगितलं का नाही. त्यांनी हातातल्या सुंभाची गाठ आवळली. मग म्हणाले, "घंटी तू दिलीस, पण गाडी मी हलवली. रस्ता दुसऱ्याच्या डोळ्यानं बगायचा नसतो रे." त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला राग आला, खरंच राग आला, त्यांच्या त्या शहाणपणाचा. मी मनात म्हटलं, त्यांनाच नको आहे तर मी कशाला बोलू. अशी सोयीची समजूत एकदा घातली की ती वर्षानुवर्षं पुरते.

त्या वर्षीच्या वाघबारशीला गावातली जाणती मंडळी त्यांना म्हणाली, "औंदा तुझा नारळ नको. गाभण जनावर गेलंय तुझ्या हातून." भिवाभाऊ नारळ हातात घेऊन मागे उभे राहिले आणि तो तसाच घरी घेऊन गेले. पुढच्या वर्षापर्यंत त्यांचा बिल्ला परत आला होता, ते पुन्हा मोटरीवर होते, आणि गाव सगळं विसरलं होतं. पाटलांनी हाक मारली, "भिवा, ये पुढं." ते म्हणाले, "गाव इसारलं, मी नाय इसारलो." तो नारळही घरी गेला. हे मला पुढे कोणाकडून तरी कळलं. वाघबारशीला मी त्या बाजूला जाणं टाळत असे. रोज सकाळी मोटर लागली की ते माझ्या खिडकीशी येत, "आलो रे दत्तू" म्हणत, मी वेळ लिहून घेई. त्यांच्या नव्या कंडक्टरने एकदा मला तक्रार केली, "म्हातारा आता घंटीवर इश्वास ठेवत नाय. जनावर दिसलं की सोता खाली उतरतो, दोन्ही अंगाला बगून येतो. येळ जातो." मी म्हटलं, जाऊ दे वेळ.

तेराव्यानंतर मी सरळगावला गेलो. वहिनींनी पाणी दिलं, आणि बसल्या बसल्या वर आढ्याकडे बोट केलं. आढ्याला शिंकं टांगलेलं होतं आणि त्यात नारळ होते, सहा. "दर वर्साला एक आणून ठेवायचे. हात लावू द्यायचे नाय. आता ह्यांचं काय करू, दत्तूभावजी? तुमी जाणते." मी एक नारळ काढून हातात घेतला. आतलं पाणी कधीच आटलं होतं, गोटा सुटून कवटीत खुळखुळत होता. आणि मग मला राहवलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. घड्याळ, खुर्ची, दोरी, सगळं. जमादाराची लेखणीसुद्धा.

मला वाटलं होतं, वहिनी मला घराबाहेर काढतील, आणि माझी त्याला तयारी होती. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजे मी त्यांना उगाच बोलत ऱ्हायले." मग पदर डोळ्यांना लावून रडल्या. मीही रडलो. पुष्कळ वेळाने त्यांनी तो नारळ माझ्या हातून घेऊन परत शिंक्यात ठेवला आणि त्यांच्या नेहमीच्या फटकळ आवाजात म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? मी काय पंचनामा केलावता? वाघबारशीला दगडापाशी जावा, गावापुढं सांगा. नारळ मी घेऊन येते."

मी म्हटलं, "वर्षाच्या आत तुम्हाला सण नाही, वहिनी. तुम्ही कशा याल?"

"सणाला नाय येत. नारळ पोचवायला येते. तुमी पुढं व्हा."

परवा वाघबारस झाली. मी पहिल्या मोटरीने गेलो. दगडाशी तीस-चाळीस माणसं असतील, त्यात त्या दिवशी मडगार्डवर बसलेल्यांपैकीही एक होता. मी उभ्या उभ्या सांगितलं, रोज तिकिटं देताना बोलतो त्याच आवाजात, कारण दुसरा आवाज मला काढता येत नाही. घंटी मी दिली. बघितलं नव्हतं. भिवाभाऊ थांबले होते, त्यांनी विचारलं होतं. सांगून झाल्यावर कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, सगळे दगडाकडे बघत होते. शेवटी पाटील खाकरले. ते आता थकले आहेत, पण पंचातला त्यांचा शब्द अजून चालतो. म्हणाले, "म्हंजे भिवाचे नारळ उगाच अडले. आणा ते. सुकले तर सुकले, वाघोबा काय दात लावून बगत नाय." सखूवहिनी ते घेऊन येताहेत, असं मी सांगितलं, पण कोणीतरी घाई केली. ऊन चढत होतं, गुरं सोडायची होती, ताजे नारळ घेऊन पोरं ओळीत उभी होती. "चला, सुरू करा," तो म्हणाला, "म्हातारी येल तवा येल."

सरळगावच्या बाजूचा रस्ता रिकामाच होता. मी खिशातलं घड्याळ काढलं, आणि उघडलं नाही. रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "थांबा जरा. मागलं येऊ दे."

आम्ही सगळे थांबलो. थोड्या वेळाने वळणावर सखूवहिनी दिसल्या, डोक्यावर टोपली घेऊन सावकाश येत होत्या.